काशीला सोडलेला शेंगदाणा

कोपरगावच्या स्टँडवर उतरलो तेव्हा कॅमेऱ्यात छत्तीस फोटोंचा कोरा रोल होता आणि डोक्यात गोदाकाठची देवळं. गावाबाहेर एका शेतकऱ्याच्या घरी जेवणासकट चार दिवस खोली मिळते, असं कळलं होतं. घरच्या जिजामावशींनी दारातच नियम सांगितले. "अंडं-मटन न्हाई. आन् एकादशीला घरात धान्याचा कन न्हाई, पाव्हन्यालाबी न्हाई."

मीही माझा नियम सांगितला. "मावशी, मला शेंगदाणा चालत नाही. घसा सुजतो, श्वास अडकतो."

"शेंगदान्यानं? आसं कुटं आस्तं व्हय? काशीला सोडला आसंल."

काशीला जाऊन आवडता पदार्थ सोडायची रीत मला ठाऊक होती. एसटीनं हाडं खिळखिळी केलेली, समजावत बसायचा कंटाळा आला. कुठून दुर्बुद्धी सुचली कोण जाणे, "हो" म्हणून मोकळा झालो.

दोन दिवस मावशी माझी भाजी वेगळी काढत होत्या. तिसऱ्या दिवशी एकादशी. खिचडीत कूट, भगरीवरच्या (वरईच्या भातावरच्या) आमटीत कूट. मग घाटावरून येताना मी पाव आणला आणि खोलीत चोरून खाल्ला. खाली पडलेला चुरा मावशींनी पाहिला, पण रागावल्या नाहीत. "उपाशी हुता तर सांगायचं," म्हणत त्यांनी राजगिऱ्याचं थालीपीठ वाढलं.

दुसऱ्या घासाला ओठ जड झाले, मग घसा आवळला. शेजाऱ्यांच्या टेम्पोतून मला डॉक्टरकडे नेलं. इंजेक्शननं श्वास मोकळा झाला, तेव्हा मावशी पायाशी बसून रडत होत्या.

"कूट घातलं होतं?"

"व्हय. लई भुकेले दिसला. नकळत पोटात गेलं तर व्रत मोडत न्हाई. दोष लागला तर मला लागंल."

माझी मतीच गुंग झाली. ही बाई माझा जीव घेता घेता माझं पाप स्वतःच्या माथी घेत होती. आणि खोटं बोललो होतो मी. काशी मी पाहिलेलीही नाही, हे मी सांगून टाकलं. घरी आल्यावर त्यांनी चूल पेटवली आणि एकादशीला त्या घरात माझ्यासाठी भात शिजला.

निघताना त्यांनी भाकरी बांधून दिली. "चटनी जवसाची हाय. पाटा दोनदा धुतला. आन् शेंगदाना आता मी सोडला."

"काशीला न जाता?"

"त्याला काशी कशाला लागती?"

गाडीत रागवावं कोणावर, तेच कळेना. चटणीची पुडी मांडीवर तशीच होती. सिन्नरला गाडी थांबली तेव्हा ती उघडली आणि भाकरीशी सगळी खाल्ली. मग कसाऱ्यापर्यंत घशावर हात ठेवून बसलो होतो. काहीही झालं नाही, आणि मला माझ्या त्या हाताची लाज वाटली.