सखूच्या वाफ्यापलीकडची भाजी

भिकाजी शिवलकरच्या पायाला भिंगरी होती. उभा जन्म मालवाहू जहाजांवर काढला आणि निवृत्त होऊन रत्नागिरीत फ्लॅट घेतला, तरी हा माणूस घरात टेकेल तर शपथ. उजाडलं न उजाडलं की कापडी पिशव्या घेऊन बाहेर. भाजी, अंडी, पोहे, कुळथाचं पीठ, जवळपासच्या गावांतल्या बायका जे काही घेऊन येतील ते हा आणणार. जहाजावर बर्फातली भाजी खाऊन खाऊन त्याची जीभ मेली होती म्हणे. आता खाईन ते इथल्या मातीतलं, आणि ज्याने पिकवलं त्याच्याच हातून घेईन, असा हट्ट. बायको नम्रता म्हणायची, "तुम्ही खा हो, पण सगळ्या बिल्डिंगला कशाला भरवताय?"

कारण तेही सुरू झालं होतं. सखू ही हातखंब्याच्या अलीकडच्या एका गावातली. भात कापून झालं की पऱ्याच्या, म्हणजे ओहोळाच्या, पाण्यावर चार वाफे करायची आणि लाल माठ, मुळा, पावट्याच्या शेंगा घेऊन नाक्यावर बसायची. जुड्या केळीच्या सोपटाने बांधलेल्या. भिकाजीने ही भाजी अशी काही उचलून धरली की विचारू नका. मोबाइलवर बिल्डिंगचा ग्रुप काढला. "प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं कसलं खाता? आपल्या सखूचं घ्या. माझा शब्द." आधी दोनचार घरं तयार झाली, संक्रांतीपर्यंत जवळजवळ सगळी. रोज संध्याकाळी तो फोन करून सखूला सांगायचा, उद्या इतक्या जुड्या. सखू म्हणायची, "व्हय दादा." भिकाजी खूश. एका बाईचा संसार आपण मार्गी लावला, हे तो न विचारताही चार जणांना सांगायचा.

एक दिवस त्याला नेहमीपेक्षा लवकर जाग आली आणि पाय आपसूक बाजाराकडे वळले. तिथे घाटावरून आलेले भाजीचे ट्रक रिकामे होत होते. एका ट्रकच्या आडोशाला सखू उकिडवी बसली होती, समोर लाल माठाचा ढीग. जुडीचं रबर काढायचं आणि सोपट बांधायचं, असं भराभर चाललेलं.

"हे काय गो सखू?"

तिने वर पाहिलं, पण हात थांबवले नाहीत. "घाटावरची हाय दादा. तुमची माणसं वाढली. रोजच्या गिऱ्हाईकाला न्हाय बोलून रिकामं धाडायचं व्हय? आमच्यात तसं करत न्हाईत." मग तिने टोपलीच्या तळातून फडक्यात गुंडाळलेली एक जुडी काढली. "ही तुमची. देवाशपथ, तुमच्या घरी गाडीची भाजी कदी दिली न्हाय."

भिकाजी ती जुडी घेऊन घरी आला आणि फेऱ्या घालू लागला. गॅलरीतून स्वयंपाकघर, स्वयंपाकघरातून गॅलरी. गप्प बसलं तर कुणाला कळणार नव्हतं. इतक्या दिवसांत चवीतला फरक एकालाही कळला नव्हता! पण वरच्या मजल्यावरची ईशा आपल्या लहानग्याला तीच भाजी शिजवून भरवत होती, भिकाजीच्या शब्दावर. दुपारी नम्रताच वैतागली. "एक काय ते करा. फरशी झिजेल."

तो वर गेला. ईशाला दारातच सगळं सांगून टाकलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे काका, तुमच्याकडेही तीच येत होती?"

इथे 'हो' म्हटलं असतं तर सुटला असता. सगळे फसले, त्यात हाही फसला, संपलं. 'हो' जिभेवर आलंही होतं.

"नाही," तो म्हणाला. "आमची खरी होती."

 ईशाने दार जरा जोरात लावलं.

मग त्याने ग्रुपवरही लिहून टाकलं, काही न लपवता. संध्याकाळपर्यंत ग्रुपवर नुसता शिमगा. 'काकांचं ताट वेगळं' असं कुणीतरी लिहिलं. भाजी सगळ्यांनी बंद केली. भिकाजीला स्वतःची लाज वाटत होतीच, पण जिवाला घोर लागला तो सखूचा. आपण खरं बोललो आणि तिच्या पोटावर पाय आणला.

सकाळी तो जवळजवळ धावतच नाक्यावर गेला. कसं सांगावं ते सुचेना, म्हणून एका दमात सांगितलं. सखूने डोक्यावरची चुंबळ काढून खाली ठेवली आणि चक्क पाय पसरून बसली.

"बरा झाला दादा."

"बरं झालं?"

"तर काय! रोज काळोखात उठून ट्रकवाल्याच्या मागं फिरा, सोपटं बांधा. वाफ्यांना शिंपायला टायम गावत नव्हता. अर्धा माठ वाळून गेला माजा."

भिकाजी रागाने लाल झाला. इतके दिवस आपण हिच्यासाठी जीव टाकला, आणि हिचे वाफेच सुकले? "मग एकदा तरी बोलायचं होतंस ना गो, की तुझ्याकडे भाजी आहे किती!"

"तुमी इचारलंत कदी?" सखू म्हणाली. "तुमी नुस्तं सांगत व्हतात."