परक्या राज्यांचे कारभारी

आमचे हे फार चांगले आहेत, असं सगळं जग म्हणतं. चांगला माणूस म्हणजे काय असतं ते त्याच्या बायकोला विचारावं. धाकटे दीर एकदा म्हणाले, "दादा, बाबांना थोडे दिवस तुझ्याकडे राहू दे, आमची जागा लहान पडते." सासरे आले ते शेवटपर्यंत आमच्याकडेच राहिले. दिरांनी पुढे मोठी जागा घेतली, पण बाबांचा विषय निघाला की ती लहानच व्हायची. शेजारी कुठे निघाले की त्यांची किल्ली आमच्याकडे. कुंड्यांना पाणी आम्ही घालायचं, पार्सल आम्ही घ्यायचं, आणि परत आल्यावर "एक रोप सुकलं हो तुमच्याकडून" हेही आम्हीच ऐकायचं.

कोर्टाच्या मागच्या गल्लीत आमचं झेरॉक्सचं दुकान आहे. हे कॉम्प्युटरवर बसतात, मी बाइंडिंग आणि लॅमिनेशन बघते. सकाळी वकिलांची झुंबड, संध्याकाळी कॉलेजवाल्यांची. दुपारी मात्र काळं कुत्रं फिरकत नाही. अशाच एका दुपारी एक गिऱ्हाईक प्रिंट निघेपर्यंत आमच्या कॉम्प्युटरवर कसलासा खेळ उघडून बसलं आणि तो तसाच टाकून गेलं. फुकटचा खेळ. काही विकत घ्यायचं नाही, काही डाउनलोड करायचं नाही. ब्राउझर उघडला की तुम्ही राजे. आमच्या खटारा कॉम्प्युटरलाही तो झेपला, इथेच घात झाला.

खेळ असा. सुरुवातीला एक गाव मिळतं. शेतं वाढवायची, खाणी खणायच्या, तटबंदी बांधायची, सैन्य ठेवायचं. आजूबाजूला हजारो माणसांची अशीच राज्यं. आपण कॉम्प्युटर बंद केला तरी खेळ थांबत नाही. कोठारात धान्य पडत राहतं आणि सैन्य ते खात राहतं. धान्य संपलं तर सैन्य उपाशी मरतं, आणि राखायला कुणी नसलं की शेजारचा राजा येऊन लुटून जातो. म्हणून लोक संघ करून खेळतात. कुठे जायचं असलं की आपलं राज्य संघातल्या कुणाच्या तरी हवाली करतात. खेळात तशी सोयच आहे. जो सांभाळतो त्याला कारभारी म्हणतात.

संघाचा कारभारी कोण झाला, हे मी वेगळं सांगायला नको.

कुणाची परीक्षा, कुणाचं लग्न, कुणाची बदली. "काका, जरा माझं बघाल ना?" की ह्यांचं "हो". मशिनमध्ये कागद अडकला, मी हाका मारतेय, गिऱ्हाईक तोंड वाकडं करतंय, आणि हे कुणा अनोळखी पोराच्या सैन्याला धान्य पोचवण्यात गुंग. स्वतः कधी लढाई केली नाही. राज्यभर शेतं, भोवती जाडजूड भिंत, आणि संघातलं सगळ्यांत मोठं कोठार.

मी एकदा विचारलं, "लढायचंच नाही, तर राजे झालात कशाला?"

"राज्य काय लढायलाच असतं?" म्हणाले. "नीट ठेवायलाही असतं."

सासरे गेले त्या महिन्यात ह्यांनी ते राज्य सुरू केलं होतं. मी चिडायचे, पण एक गोष्ट मला दिसत होती. आयुष्यात स्वतःसाठी म्हणून ह्यांनी उभी केलेली ती एकच गोष्ट होती. तिच्यात दिरांचा वाटा नव्हता, शेजाऱ्यांचा नव्हता, माझासुद्धा नव्हता.

मग ह्यांच्या डोळ्याचा पडदा सरकला. डॉक्टर म्हणाले, ताबडतोब ऑपरेशन. आत गॅस भरणार, आणि नंतर पालथं पडून राहायचं. मान वर करायची नाही, कॉम्प्युटरचं तर नाव काढायचं नाही. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना हे म्हणाले, "माझं कोण बघणार?"

"मी आहे ना," मी म्हटलं. "दुकान बघेन, तुम्हालाही बघेन."

"तसं नाही गं. राज्य."

त्या पायऱ्यांवर मी ह्यांना काय म्हटलं ते लिहिण्याजोगं नाही. पण घरी आल्यावर मीच म्हटलं, मला शिकवा, मी बघते. तर म्हणे, तुला जमायचं नाही, संघात माणसं आहेत. जन्मात पहिल्यांदा ह्यांनी कुणाकडे काही मागितलं. सगळ्यांनी अंगठे दाखवले. शेवटी संघाचा प्रमुख, ज्याला सगळे सेनापती म्हणतात, तो पुढे झाला. गाड्या विकतो म्हणे कुठल्याशा शोरूममध्ये. आम्ही काही त्याला पाहिलेलं नाही. त्याने लिहिलं, "काका, निश्चिंत राहा. डोळ्यांत तेल घालून सांभाळतो."

डोळ्याची चौकशी केली फक्त एकीने. ती एका हॉस्पिटलात नर्स आहे, संघात तिला सिस्टरच म्हणतात. "कुठला डोळा? छातीखाली उशी घ्या, कपाळाखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, म्हणजे मान अवघडणार नाही. आणि काकूंवर चिडू नका." हे मीच वाचून दाखवलं. ती पोरगी मला तिथेच आवडली.

हे पालथे पडून राहिले. दुकान मी एकटीने रेटलं. घरी आले की उशीतून आवाज यायचा, "आता कोठार भरलं असेल." मी म्हणायचे, "ओसंडून वाहत असेल." डोळा सुधारला. डॉक्टरांनी परवानगी दिली त्याच दुपारी हे दुकानात आले आणि मला नमस्कार-चमत्कार न करता कॉम्प्युटरपुढे बसले.

कोठारात दाणा नव्हता. सैन्य मेलेलं, भिंत पडलेली. शेतंसुद्धा कुणीतरी जाळलेली. कुठलं धान्य कधी कुठे गेलं, याची नोंद खेळात राहते. सगळं सेनापतीकडे गेलं होतं. सैन्यही त्यानेच स्वतःच्या वेशीवर मरायला उभं केलं होतं.

ह्यांनी त्याला विचारलं. मी शेजारीच उभी होते. उत्तर लगेच आलं, "अहो काका, युद्ध चालू होतं! तसंही तुम्ही कुठे लढता? तुमचं राज्य म्हणजे आपलं सगळ्यांचं कोठारच की." पुढे हसणारा चेहरा. आणि त्याखाली, "बरं, पुढच्या आठवड्यात मी फिरायला चाललोय. माझं बघाल ना?"

ह्यांनी लिहिलं, "हो."

माझं डोकं फिरलं. "अहो, लाज कशी वाटत नाही तुम्हाला? सोडा तो संघ! त्याला चार शब्द तरी सुनावा!" त्या आठवड्यात आणखी कुणी कुणी विचारलं, सगळ्यांना "हो" गेलं. सिस्टरचंही आलं, "काका, डिलिव्हरीला ॲडमिट होतेय. राज्य तुमच्याकडे देते, म्हणजे मी मोकळी." तिलाही "हो".

आणि मग ह्यांनी खेळ उघडलाच नाही. दुपारी माझ्या शेजारी बसून स्पायरल घालू लागले, कधी नव्हे ते गिऱ्हाइकाशी गप्पा मारू लागले. मला वाटलं, सुटला एकदाचा नाद. मी आतून खूश होते. मग एकदा सहज विचारलं, "आणि ती लोकांची राज्यं?"

"मरू देत उपाशी," हे शांतपणे म्हणाले. "मी कुणाचं काही चोरत नाहीये. नुसता बसलोय."

असा आवाज मी ह्यांचा कधी ऐकला नव्हता. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. उशिरा का होईना, ह्यांच्या अंगात कुणीतरी जागं झालं असं वाटलं.

सेनापती परत यायच्या दिवशी ह्यांनी खेळ उघडला. खुर्ची पुढे ओढून, हात चोळून बसले. सेनापतीचं राज्य जसंच्या तसं होतं, उलट वाढलं होतं. त्याने ह्यांच्या जोडीला आणखी एक कारभारी नेमून ठेवला होता. ह्यांनी दुसरं राज्य उघडलं, तिसरं उघडलं. सगळ्यांनी तेच केलेलं. काकांचा डोळा आता असा, कशाला विषाची परीक्षा, असा विचार सगळ्यांनी केला होता.

एकच राज्य मेलं होतं. सिस्टरचं. तिने दुसरा कुणी नेमला नव्हता.

तिचा निरोप येऊन पडला होता. "काका, मुलगी झाली. दोघी ठीक आहोत. राज्य गेलेलं पाहिलं, त्याचं एवढं काही नाही. पण तुम्ही कधी विसरत नाही, म्हणून काळजी वाटतेय. डोळ्याचा पडदा पुन्हा सरकला का?"

ह्यांनी कीबोर्ड पुढे ओढला. मी म्हटलं, "अहो, खरं काय ते लिहा तिला. समजून घेईल ती." ह्यांनी लिहिलं, "हो, डोळाच." आणि पाठवून दिलं.

उत्तर आलं ते वाचायला ह्यांनी चष्मा पुसला, तरी वाचवेना, म्हणून मीच मोठ्याने वाचलं. "माफ करा काका, चूक माझीच. तुमचा डोळा असा असताना मी माझं ओझं तुमच्या गळ्यात टाकायला नको होतं."