महादेव मिस्त्रीच्या खिळ्यावरची क्लिप

महादेव मिस्त्रीला मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्याच्या हातात एका जीपवाल्याची मानगूट होती.

मी आण्णाप्पा. निपाणीत जुन्या पी. बी. रोडच्या उतारावर माझं बॅटरी आणि वायरिंगचं दुकान हाय, आणि त्याला चिकटून महादेवचं गॅरेज. दुकान टाकलं त्याच दिवशीची गोष्ट. जीपवाला क्लच दाखवायला आलता. महादेवनं आधी हँडब्रेक ओढला. दांडा पार वर आला तरी काय लागेना.

"हँडब्रेक न्हाय?"

"केबल तुटून जमाना झाला, मिस्त्री. मी दगड लावतो की चाकाला."

एवढंच बोलला बिचारा. महादेवनं त्याला खाली ओढला, छातीवर गुडघा दिला आणि त्याचं डोकं त्याच्याच जीपच्या चाकापुढं नेऊन दाबलं. "झोप हितं! तुझा दगड लई भरवशाचा हाय न्हवं? मग झोप की. मी दगड काढतो." जीपवाला आईला हाका मारायला लागला. मी सोडवायला धावलो तर माझ्याच कानफटात अशी बसली की डोळ्यांपुढं काजवे चमकले. ही आमची ओळख.

मागनं कळलं. त्याचा बाप ट्रकवर क्लीनर होता. तवंदी घाटात ट्रक थांबला की उडी टाकून चाकाला दगड लावायचा, हे त्याचं काम. एकदा ट्रक दगडावरनं गेला आणि बापावरनं पण गेला. त्या ट्रकला हँडब्रेक नावाला होता. महादेव तेव्हा चौथीत. हे मला त्याच्या बायकोनं सांगितलं, त्यानं कधी तोंडातनं काढलं न्हाय.

म्हणून कुठलीही गाडी येऊ दे, इंजनाचं दुखणं असू दे न्हायतर काचेचं, हा आधी आत बसून हँडब्रेक ओढणार आणि टक्-टक् मोजणार. पाच-सहा टक्-टक् मधी लागला तर ठीक. दहाच्या वर गेला की मराठीत शिव्या, आणि मराठीतल्या संपल्या की कानडीत. कुणाची कॉलर धरली, कुणाला पान्यानं हाणलं. तरी लोकं यायचीच. त्यानं आवळलेला हँडब्रेक कसल्याबी चढाला गाडी हलू द्यायचा न्हाय. जांबोटीकडच्या पावसात गाड्या हाकणारेसुद्धा मुद्दाम हितवर यायचे.

पण ह्याच माणसाला सीटबेल्टचा भारी राग. "पोट आवळून गाडी चालवायची व्हय?" म्हणायचा. नव्या गाड्यांत बेल्ट लावला न्हाय तर घंटा वाजत बसते, ती त्याला डोक्यात जायची. मग भंगारातल्या गाड्यांच्या बेल्टची लोखंडी क्लिप कापायची, खडखडू नये म्हणून तिला काळ्या टेपचे दोन वेढे द्यायचे आणि दारातल्या खिळ्याला अडकवून ठेवायची. सर्व्हिसिंगला आलेल्या गिऱ्हाईकाला एक क्लिप फुकट. सीटजवळच्या बेल्टच्या खाचेत घातली की गाडीला वाटतं बेल्ट लावलाय, घंटा गप. टेप माझ्या दुकानातली. माझ्या गाडीत होती, निम्म्या निपाणीच्या गाड्यांत होती. कुणाला त्यात काय वावगं वाटलं न्हाय.

सदलग्याचा सन्मती गेल्या दिवाळीला नवी ऑटोमॅटिक गाडी घेऊन आला. जैनाचा पोरगा, घरचा तंबाखूचा व्यापार, तिशीतला. मुंगी दिसली तर पाय उचलून टाकणारा. बापापासनं त्यांच्या गाड्या महादेवकडंच. महादेव आत बसला आणि दोन सीटांच्या मधी हात चाचपायला लागला.

"दांडा कुठाय रं?"

"दांडा न्हाय, मिस्त्री. हे बटन. वर ओढलं की लागला ब्रेक."

"ह्यात जोर कुणाचा? तुझा का बॅटरीचा?"

मी सांगितलं, चाकाजवळ मोटर असते, ती आवळते. एकदा आवळलं की बॅटरी मेली तरी सुटत न्हाय. महादेवनं माझ्याकडं असं बघितलं जसं मी त्याचा बाप विकून खाल्ला.

"आणि निघताना बटनसुद्धा दाबायला नको," सन्मती हौसेनं म्हणाला. "ॲक्सिलेटर दिला की ब्रेक आपोआप सुटतो."

"आपोआप? आपोआप सुटंल तो ब्रेक कसला रं?"

"गाडी आधी बघते की, मिस्त्री. दार बंद हाय का, माणसानं बेल्ट लावलाय का. मगच सोडते. बेल्ट नसला तर किती बी रेस करा, जागची हलत न्हाय." मग डोकं खाजवत म्हणाला, "ही घंटा तेवढी बंद करून द्या."

महादेवनं खिळ्यावरची क्लिप काढली आणि खाचेत खटकन बसवली. "घे. आता तुझी शहाणी गाडी गप बसंल."

तिघंबी हसलो. मी लई हसलो.

मार्च महिना. दुपारचा एक. मंगल, म्हणजे महादेवची बायको, डबा घेऊन आलती. आख्ख्या उतारावर महादेवला दटावणारी ती एकटी. गॅरेजच्या कट्ट्यावर डबा ठेवून, पाठ रस्त्याकडं करून ती भाकरी सोडत होती. सन्मतीनं वरच्या अंगाला गाडी थांबवली, बटन ओढलं आणि उतरून महादेवकडं आला. इंजन चालू, कारण एसी पायजे. गिअर काढायचा राहिला. ही त्याची चूक, मी झाकत न्हाय. त्याची बायको सोनल आत होती. तिच्या बाजूनं ऊन यायला लागलं म्हणून ती उतरून ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसली, दार लावलं. सीट मागं होतं, ते पुढं घ्यायला वाकली. उतारावर सीट गपकन पुढं सरकलं आणि तिचा पाय ॲक्सिलेटरवर पडला. घाबरून तिनं तो आणखी दाबला आणि गाडी सरळ कट्ट्याकडं सुटली.

मंगलला वळायलाबी सापडलं न्हाय. बंपरनं तिला गुडघ्यापासनं कट्ट्यावर चेंबटली. हाड मोडल्याचा आवाज मी माझ्या दुकानात ऐकला. डबा लांब उडाला. मंगल ओरडली न्हाय, तिनं नुस्ता बॉनेटवर हात आपटला, एकदा, दोनदा.

महादेवनं सोनलला दंडाला धरून बाहेर फेकली, गाडी मागं घेतली. मंगल खाली कोसळली, उजव्या पायाचं काय सांगू, पाय राहिलाच नव्हता तो. मी तिच्या मांडीला वायर आवळून बांधत होतो. मागं आवाज सुरू झाला.

"ब्रेक लावला न्हाईस! भाड्या, ब्रेक लावला न्हाईस!"

"लावलाता मिस्त्री! देवाशपथ लावलाता!"

चाकाचा पाना होता महादेवच्या हातात. पहिला घाव सन्मतीनं हातावर झेलला, हात मधनंच वाकला. दुसरा बरगडीत. सन्मती खाली पडला तरी "लावलाता, लावलाता" म्हणत होता. तिसरा घाव जबड्यावर बसला आणि त्याचं बोलणं बंद झालं. महादेव थांबला न्हाय. लाथा घालत राहिला, पोटात, तोंडावर, पोराच्या दातांचं रक्त त्याच्या चपलेला लागलं. सोनल त्याच्या पायात पडली तर तिलाबी लाथ बसली. चौघांनी ओढला तेव्हा सुटला.

दोघांनाबी बेळगावला एकाच हॉस्पिटलात नेलं. मंगलचा पाय गुडघ्याखाली कापला. सन्मतीचा हात प्लास्टरमधी, जबडा तारांनी बांधलेला.

पोलीस आले. साहेब कानडीत विचारत होते, महादेव मराठीत सांगत होता, आणि लिहून घेणारा हवालदार दोन्हीत चुकत होता. "ब्रेक लावलाच नव्हता," महादेवनं सांगितलं. मीबी तेच सांगितलं, खाली सही केली. खरं म्हणाल तर आम्ही दोघांनीबी बघितलं नव्हतं. सन्मतीवर केस झाली. महादेववरबी झाली, पण लोकं म्हणाली, बायकोचा पाय गेल्यावर कोण गप बसंल? गावानं त्याची पाठ थोपटली.

तीन आठवड्यांनी कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन आला. गाडी अजून गॅरेजपुढंच होती. साहेब उभे, सोनल उभी, आम्ही दोघं दारात. त्यानं वायर जोडली, बराच वेळ बघितलं.

"ब्रेक लावलेला होता," तो म्हणाला. "पण दार बंद, बेल्ट लावलेला, आणि ॲक्सिलेटर दाबला गेला. म्हणून गाडीनं ब्रेक सोडला."

"बेल्ट?" सोनल म्हणाली. "मी बेल्ट लावला नव्हता. मी सावलीला बसलेते."

त्या माणसानं आत हात घालून क्लिप उपटली आणि बोटात धरून दाखवली. काळ्या टेपचे दोन वेढे. "ही नसती तर गाडी हललीच नसती, बाई. कुणी घातली ही?"

सोनलला ठाऊक नव्हतं. ज्याला ठाऊक होतं त्याचा जबडा बांधलेला होता. साहेब म्हणाले, "मालकानंच घातली असणार. म्हणजे चूक त्याचीच," आणि हवालदारानं लिहून घेतलं. महादेव खिळ्यापुढं उभा होता, तिथल्या पाच क्लिपा पाठीनं झाकून. तो काय बोलला न्हाय. मी तरी कुठं बोललो?

ते गेल्यावर माझं टाळकं फिरलं. सगळ्या क्लिपा ओरबाडून मी त्याच्या तोंडावर फेकल्या. "तू तोडलास मंगलचा पाय! तू! आणि त्या पोराचं तोंड फोडलंस ते खरं बोलत होता म्हणून!"

त्यानं मला गळ्याला धरून शटरवर आदळला. अंगठा नरड्यात रुतला. मी त्याच्या नडगीवर लाथा घालत होतो, तो हलत नव्हता. डोळ्यांपुढं अंधारी आली. तेवढ्यात तो कानाजवळ घोगऱ्या आवाजात म्हणाला, "मंगलला कळलं तर ती माझं तोंड बघायची न्हाय, आण्णाप्पा."

"जबड्याच्या तारा निघाल्या की सन्मती सांगणार. त्याच्या तोंडनं कळू दे व्हय तिला? का तो जेलात गेल्यावर?"

हात सुटला. मी खाली बसून खोकत राहिलो आणि महादेव भुईवरच्या क्लिपा गोळा करत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेळगाव. त्यानं मला संगं नेलं, एकट्याच्यानं व्हायचं नव्हतं. मंगल खाटेवर बसलेली. आम्हाला बघितल्यावर तिनं पहिलं तेच विचारलं, जे रोज विचारायची. "त्याला सजा कवा हुणार? अवो, सोडू नगासा त्याला."

महादेवनं खिशातनं क्लिप काढून चादरीवर ठेवली आणि सगळं सांगितलं. मधी एकदाबी थांबला न्हाय.

मंगल त्या क्लिपकडं बघत बसली. मग खाटेला टेकवलेली कुबडी उचलली आणि त्याच्या खांद्यावर घातली. मग पाठीत. मग डोक्यात. महादेवनं हात वर केला न्हाय, उलट तिला पोचावं म्हणून वाकला. कानामागनं रक्त आलं. नर्स धावली तशी मंगल ओरडली, "मधी येऊ नका, बाई!" वीस वर्षांत तिनं नवऱ्याला कधी तू म्हणलं नव्हतं, त्या दिवशी म्हणाली.

"त्या पोराला मारत होतास तवा मी पडल्या जागंवरनं बघत होते. वाटलं, माझ्यासाठी मारतोय. बरं वाटलं मला, ऐकतोयस? त्याचं रक्त बघून बरं वाटलं मला! ते पाप माझ्या डोक्यावर घातलंस तू!"

मग कुबडी तिच्या हातनं पडली आणि ती ढसाढसा रडली. रडणं थांबल्यावर पदरानं तोंड पुसून ती म्हणाली, "उचल मला. त्या पोराकडं ने."

महादेवनं तिला उचलून चाकाच्या खुर्चीत बसवलं. सन्मतीची खोली खालच्या मजल्यावर, उतार लांबलचक. डोक्यातनं रक्त गळत होतं, ते पुसायलाबी हात न सोडता, खुर्ची मागनं ओढून धरत, तो पाऊल-पाऊल उतरला. खरं काय ते सांगायला साहेबांना फोन मी लावला. त्या कागदावर सही माझीबी होती.

उतार पार सन्मतीच्या दारापतोर होता. महादेवनं खुर्चीच्या दोन्ही चाकांचे छोटे दांडे ओढले. टक्. टक्. खुर्ची हलवून बघितली. परत एकदा हलवून बघितली. मग आत पाऊल टाकलं.

सन्मतीनं त्याला बघितलं आणि प्लास्टरचा हात तोंडावर घेऊन तो भिंतीकडं सरकला. सोनल किंचाळून मधी आली.

"मारायला आलो न्हाय," महादेव म्हणाला. मग मान खाली घालून पुटपुटला, "ब्रेक तू लावलातास, बाळा..."

"मोठ्यानं सांग," दारातनं मंगल म्हणाली. "मला हितवर ऐकू आलं पायजे."