अण्णांच्या खोलीतली ऊब

असले अनुभव मी वाचतो, हसतो आणि पान उलटतो. गाडीची बॅटरी थंडीत कशी टिकवायची हे माझं रोजचं काम. जे मोजता येत नाही ते नसतंच, असं मानत आलो. म्हणून हे लिहायला वर्ष लागलं... शिवाय यात मी वाईट वागलोय.

आम्ही मिशिगनमध्ये, ट्रॉयला राहतो. घराला हीट पंप आहे, बाहेरच्या हवेतली ऊब ओढून घरात आणणारं यंत्र. फार गारठलं की तो एकटा पुरत नाही, म्हणून बेसमेंटमधल्या युनिटमध्ये जोडीला विजेची कॉइल असते — ऑक्झिलरी हीट. बाहेरच्या पंपावर बर्फ साचला की तो वितळवायला यंत्र थोडा वेळ उलटं चालतं. तेव्हा कॉइल नसेल तर खोल्यांतल्या हवेच्या जाळ्यांमधून चक्क गार वारा येतो.

तीन वर्षांपूर्वी मी ती कॉइल ब्रेकरवरून बंद केली. मित्रांच्या ग्रुपवर फुशारकी मारली होती ना — “यंदा अख्खा विंटर नुसत्या पंपावर काढतो, बघाच!”

त्याच हिवाळ्यात नागपूरहून सासरे आले. अण्णा. वीज खात्यात आयुष्य काढलेला माणूस. खालची गॅरेजशेजारची खोली त्यांना दिली.

तिसऱ्या दिवशी कानटोपी घालून समोर आले. “जावईबापू, ही जाळी मधात मधात थंडी फेकते काय हो?”

“कॉइल बिघडलीय, अण्णा. पार्ट मागवलाय.”

“असू द्या. नागपूरचा उन्हाळा भरून आणलाय मी अंगात.” हसले आणि खुर्ची जाळीपासून लांब सरकवली. मेधालाही, म्हणजे माझ्या बायकोलाही, मी तेच सांगितलं.

अण्णा तीन आठवडे आधीच परतले. आठ महिन्यांनी तिकडेच वारले — हार्ट. थंडीने नाही, कळतं मला. तरी...

कॉइल नंतरही बंदच ठेवली. चालू केली असती तर मेधाने विचारलं असतं, दुरुस्त कधी झाली?

गेल्या जानेवारीतला रविवार. दुपारचे दोन, बाहेर उणे दहा फॅरेनहाइट. सगळे घरात जॅकेट घालून. रिया, आमची मुलगी, खालून ओरडली, “डॅड! अण्णा आजोबांची रूम इज सो वॉर्म! हीट लावलीस?”

गेलो. जाळीतून गरम हवा येत होती — हात धरवेना इतकी. शेजारच्या खोलीत कोमट. हवा आणणारा डक्ट एकच, युनिट एकच! बेसमेंटमध्ये धावलो. ब्रेकर बंद. कॉइल थंडगार.

मेधाने टेक्निशियनला बोलावलं. तो आला तेव्हाही खोली तशीच तापलेली. त्याने सगळं तपासलं, डोकं खाजवलं. म्हणाला, “कॉइलमध्ये काहीच बिघाड नाही, सर. नुसता ब्रेकर ऑफ आहे. कुणी केला?”

मेधा जिन्यात उभी होती.

“मी,” म्हणालो. “अण्णा यायच्या आधीच.”

तो गेल्यावर ती खाली आली. “अण्णांना माहीत होतं,” म्हणाली. “चौथ्या दिवशीच ब्रेकरचं पॅनल बघून आले होते ते.”

“मग चालू का नाही केलं?”

“लेकीच्या घरी स्विचला हात लावायचा नसतो म्हणाले. जावईबापूंचं काही गणित असेल, तू विचारू नकोस.” तिचा आवाज फाटला. “मी विचारलं नाही. पण तू सांगशील म्हणून वाट बघत होते रे... दोन वर्षं.”

तिनेच पुढे होऊन ब्रेकर चालू केला.

तेव्हापासून ती खोली बाकीच्या खोल्यांइतकीच गरम असते, जास्त नाही. डक्टचा नकाशा काढून पाहिला, आणखी दोघांना दाखवला. कुणाला काही सांगता आलं नाही. मलाही नाही.

मेधा बोलते माझ्याशी, सगळं ठीक आहे. फक्त नागपूरला माहेरी फोन लावते तेव्हा खाली जाते, अण्णांच्या खोलीत, आणि दार लावून घेते.