मेणाचे थर

आज आमच्या पार्किंगमध्ये कुणीतरी गाडीवरचं जुनं मेण स्पिरिटने काढत होतं. त्या वासासरशी माझे वडील, अप्पा आठवले.

निवृत्तीनंतर अप्पा रोज गाडीला मेण लावायचे. थर साचून निळा रंग पिवळट, चिकट झाला होता. एका रविवारी, चेन्नईच्या त्या भर उन्हात, मी ते मेण पुसून काढत बसलो होतो.

"अप्पा, रोज रोज कशाला लावता?" मी चिडून ओरडलो.

"रोज कुठे? काल पहिल्यांदाच लावलं की रे."

मला वाटलं, खोटं बोलतायत. मी त्यांच्या हातातला डबा हिसकावला. ते मान खाली घालून उभे राहिले.

त्यांचा आजार आम्हाला कळला तो वर्षभराने. माफी मागायला गेलो, तर त्यांनी अनोळखी माणसाला म्हणावं तसं, तमिळ ढंगात, हात जोडून विचारलं, "सार, तुम्ही कोण?"