अक्रोडाची मूठ

माझ्या तोंडून 'थँक यू' सहज निघत नाही. पंचवीस वर्षं लंडनच्या वेम्बलीत काढली, पण ही एक इंग्रजी सवय काही लागली नाही. रविवारच्या बाजारात टेबल मांडून स्टीलचे डबे विकण्यापासून सुरुवात केली. आता भांड्यांचं स्वतःचं दुकान आहे आणि या सगळ्यात मला कुणी काही फुकट दिलं नाही. एका माणसानं दिलं. म्हणून हे लिहितेय.

पण आधी राग. दोन हिवाळ्यांपूर्वी, संध्याकाळी पाचच्या सुमारास, बाहेर मिट्ट अंधार असताना मी दुकानाचं शटर ओढत होते. मागून एकानं मान धरली, दुसऱ्यानं मंगळसूत्र ओढलं. ते पटकन तुटेना. मी गुडघ्यांवर आदळले तेव्हा तुटलं. समोरच्या साड्यांच्या दुकानाचा मालक काचेमागेच उभा होता. आमची नजरानजर झाली. त्यानं आतून कडी लावली आणि दिवे घालवले. पोलिसांना म्हणाला, "मी काही बघितलं नाही." चोरांचे चेहरे मला आठवत नाहीत. त्याचा आठवतो.

त्यानंतर बंद करायची वेळ जवळ आली की माझे हात कापायला लागायचे. किल्ली कुलपात जायची नाही. आमच्या ह्यांची नोकरी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, शिफ्टची. रोज मला न्यायला येणं त्यांना शक्य नव्हतं.

"पुढच्या मार्चला लीज संपतंय," हे म्हणाले. "नको वाढवूस. झालं एवढं पुरे."

"माझं दुकान मी त्या दोघांच्या नावानं बंद करू?"

"दुकान कोण कुणाच्या नावानं करतंय? तुझे हात बघ."

हात बघायचे नव्हते म्हणून मी पातेलं आपटलं. विकायचं होतं ते, पोचा आला.

माझा धाकटा भाऊ टेक्सासला असतो. त्याला व्हिडिओ कॉलवर हे सगळं सांगितलं तर त्यानं कमरेचं पिस्तूल काढून, रिकामं करून कॅमेऱ्यासमोर धरलं. ते निवडायला त्याला महिना लागला होता, आणि तो त्याबद्दल असा बोलत होता जशी आमची आई लोणच्याच्या कैऱ्यांबद्दल बोलायची.

"ताई, मोठं घेतलं की ते घरी राहतं. लहान घेतलं तर रोज बरोबर येतं, पण मग करंगळीला जागा उरत नाही, ती लोंबकळते." त्यानं गोळ्यांच्या मॅगझिनला खालून टेकू बसवून घेतला होता, करंगळीसाठी. नेम धरायचे ठिपके बदलले होते. शर्टात अडकू नये म्हणून कुठलातरी कोपरा घासून घेतला होता.

"दूध आणायला जातानाही नेतोस?"

"दूध आणायलाच तर जातो मी. बाकी कुठे जातो?"

"तुझी बायको काही म्हणत नाही?"

"तिचं माझ्याहून भारी आहे. गुलाबी मूठ आहे त्याला."

इंग्लंडमध्ये असलं पिस्तूल घेता येत नाही हे मला माहीत होतं. पण एक दार बंद दिसलं की मी दुसरं शोधते, धंद्यात तेच केलं. हवेच्या दाबावर छर्रा मारणारं पिस्तूल असतं. नेमबाजीच्या क्लबात तेच वापरतात. त्याला इथे लायसन्स लागत नाही. हॅरोच्या बाजूला एक क्लब सापडला, दर गुरुवारी संध्याकाळी. शिकवायला एक निवृत्त सुतार होते, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, शर्टाच्या खिशात कायम पेन्सिल. पहिल्याच दिवशी मी त्यांना विचारलं, "यातलं सगळ्यात लहान कुठलं? माझ्या पर्समध्ये मावेल असं?"

त्यांनी पर्सकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

महिनाभरानं क्लबातला एक जण आपलं जुनं पिस्तूल विकायला घेऊन आला. आखूड नळी, हवेचा सिलिंडरही आखूड. मला हवं होतं तेवढंच. आता, आवडलेल्या वस्तूला हात लावायचा नाही हा माझा धंद्यातला नियम आहे. हात लावला की डोळ्यांत दिसतं, आणि डोळ्यांत दिसलं की भाव उतरत नाही. मी पेटीवरच्या ओरखड्याकडे बोट दाखवलं. सिलिंडर किती जुना विचारलं. दोनदा दारापर्यंत जाऊन परत आले. तो घामाघूम झाला. "तुम्ही फार कठीण आहात, लव्ह," असं इथल्या लोकांच्या सवयीनं म्हणाला आणि मागितल्याच्या अर्ध्याहून कमी किमतीत त्यानं ते दिलं.

मग मी ते उचललं. ते हातात बसेचना. जिथे तळवा टेकायचा तिथे खड्डा, जिथे अंगठा जायचा तिथे फुगवटा.

"मी डावखुरा आहे," तो म्हणाला. "तुम्ही विचारलंच नाहीत."

"परत घ्या!"

"हाच शेवटचा शब्द, असं तुम्हीच तीन वेळा म्हणालात."

सगळा क्लब हसला. मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. बरंचसं मराठीत होतं हे नशीब. फक्त काका हसले नाहीत. हो, तोपर्यंत मी त्या सुतारांना काका म्हणायला लागले होते, आणि अर्थ सांगितल्यावर त्यांना ते आवडलंही होतं. ते म्हणाले, "पिस्तूल चांगलं आहे. मूठ नवी करता येईल. माझ्याकडे अक्रोडाचा एक तुकडा पडून आहे."

"किती घेणार?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे किती?"

"काही नाही म्हणजे काही नाही."

असल्या उत्तराशी घासाघीस कशी करायची ते मला येत नाही.

पुढचे आठ गुरुवार ती मूठ घडत होती. माझ्या तळव्याला ते निळ्या खडूची पूड लावायचे आणि लाकूड धरायला सांगायचे. जिथे निळं उमटेल तिथे लाकूड टोचतंय. मग कानस घेऊन तेवढंच घासायचं, पुन्हा पूड, पुन्हा धरायचं. माझी बोटं आखूड, म्हणून त्यांनी ट्रिगर मागे सरकवून दिला. तोही फार हलका नको, म्हणाले, तुमचा स्वभाव बघता. सुरुवातीला माझा हात लाकडावरही थरथरायचा. "आवळू नका," ते सांगायचे. "पडणार नाही ते. जरा विश्वास ठेवा." सहाव्या की सातव्या गुरुवारी निळा डाग सगळीकडे सारखा उमटला, आणि मला कळलं की माझा हात शांत आहे. चोवीस वर्षं संसार करून ह्यांना माझ्या हाताचं माप माहीत नसेल इतकं त्या म्हाताऱ्याला झालं होतं.

क्लबात एक शिस्त असते. मूठ धरायची, हात टेबलावर टेकवायचा आणि 'स्टार्ट' हा शब्द येईपर्यंत उचलायचा नाही. काका तो शब्द मुद्दाम उशिरा द्यायचे. कधी एक मिनिट, कधी तीन.

"काका, झोपलात का?" मी ओरडायची.

"नाही. तुम्ही जाग्या आहात का ते बघतोय."

मूठ पुरी झाली, तेल पाजून वाळली, त्या दिवशी त्यांनी मला चहा दिला आणि विचारलं, "आता सांगा. पर्समध्ये कशाला?"

मी मंगळसूत्रापासून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "घरून क्लब, क्लबहून घर. पेटीत, कुलूप लावून. रस्त्यात हे तुमच्या हातात दिसलं, तर त्यातून छर्रा सुटतो की गोळी, हे कुणी विचारणार नाही. दुकान जाईल. आणि तुम्ही आत जाल. कबूल?"

"कबूल," मी म्हणाले. सप्लायरला म्हणते तसं.

जानेवारीतल्या एका गुरुवारी सकाळी मी ते पेटीतून काढून पर्समध्ये टाकलं. रिकामंच होतं. घाबरवायला पुरेल, एवढाच विचार. आणि कुणी विचारलंच तर, संध्याकाळी क्लबला तर जायचंय! दिवसभर मला इतकं हलकं वाटलं की एका गिऱ्हाइकाला मी न मागता सूट दिली.

पाच वाजता शटर निम्म्यावर आणलं आणि मागे सायकलचा ब्रेक वाजला. एक माणूस उतरला. डोक्यावर हुड, तोंडावर मफलर. सरळ माझ्याकडे चालत आला. माझा हात पर्समध्ये गेला आणि ती मूठ तळव्यात अशी बसली, जशी दुसरी कुठलीच वस्तू आजवर बसलेली नाही. हात थरथरलाही नाही. उचलायचा तेवढा बाकी होता.

आणि हात थांबला. मी थांबवला असं म्हणणार नाही, माझी तेवढी अक्कल त्या क्षणी जागी नव्हती. आठवड्यामागून आठवडे त्या हातानं मूठ धरून वाट बघितली होती, तशी तो वाट बघत राहिला. 'स्टार्ट' हा शब्द आला नव्हता.

"सॉरी, आंटी," तो माणूस मफलर खाली करत म्हणाला, "डोशाचं रेस्टॉरंट कुठलं? ॲप इथेच दाखवतंय." पाठीवर डिलिव्हरीची चौकोनी बॅग होती. हैदराबादकडचा असावा. नाक थंडीनं लाल झालेलं.

मी डाव्या हातानं पुढचं दार दाखवलं. तो गेल्यावर पायरीवर बसले. रस्त्यावरचा कॅमेरा माझ्या डोक्यावर होता. पंचवीस वर्षं, आणि कुणाच्या तरी मुलाच्या तोंडासमोर पिस्तूल धरलेला माझा फोटो निघाला असता.

क्लबात जाऊन मी काकांना खरं सांगितलं. ते ओरडले असते तर मी भांडले असते. त्यांनी फक्त हात पुढे केला. मी पर्समधून काढून त्यांच्या तळव्यावर ठेवलं.

"किती दिवस?" मी विचारलं.

ते पिस्तूल रिकामं आहे का ते बघत राहिले.

"दोन आठवडे?"

त्यांनी क्लबाचं कपाट उघडलं.

"बरं, एक महिना."

"तुम्ही चुकीच्या बाजूनं सौदा करताय," ते म्हणाले, आणि आम्ही दोघंही हसलो. मी रडतही होते. पिस्तूल तेव्हापासून क्लबाच्या कपाटात असतं, किल्ली त्यांच्याकडे. गुरुवारी मिळतं. ते म्हणाले, "आता हे सांगा, बंद करताना तुमच्याजवळ कोण असतं?"

"कोणी नाही."

"समोर?"

मी समोरच्याबद्दल जे बोलले त्यात काकांना पुष्कळ नवे मराठी शब्द मिळाले. सगळं संपल्यावर ते म्हणाले, "भित्रा माणूसही चालेल. दोघं लागतात."

शुक्रवारी मी रस्ता ओलांडला. साडीवाला मुंबईत वाढलेला गुजराती. मला बघून गादीवरून उठला.

"बेन," तो म्हणाला, "त्या दिवशी मी घाबरला होता. लई घाबरला होता."

"माहितीये. मी अजून चिडलेली आहे, आणि चिडलेलीच राहीन. तुम्ही किती वाजता बंद करता?"

"सहा."

"मी पाचला. साडेपाच करा."

"साडेपाचला गिऱ्हाईक असते, बेन. पावणेसहा."

"पावणेसहा. पण रोज. आणि दिवे चालू ठेवून बाहेर उभं राहायचं."

तो राहतो. आम्ही फारसं बोलत नाही. मी किल्ली फिरवते, तो बघतो. तो फिरवतो, मी बघते.

मार्चमध्ये घरमालकाचा एजंट कागद घेऊन आला. मी प्रत्येक ओळ वाचली, दोन कलमं खोडायला लावली, भाड्यावर तासभर डोकं खाल्लं. शेवटी त्यानं विचारलं, किती वर्षांसाठी.

"दहा," मी म्हणाले.

"दहा?" हे म्हणाले.

"दहा." आणि सही केली. हात स्थिर होता. एजंटच्या ते लक्षात आलं नाही, ह्यांच्या आलं.