दुपट्यात आलेला टोस्ट

दुपट्याची गाठ सोडली, तर आत बाळ नव्हतंच. गिनीपिग होता. डोक्याला चक्क कुंची बांधलेली.

"मावशी, हे काय?"

"टोश्या हाय. दम लागलाय त्याला. बगा की लवकर!"

मी जनावरांची डॉक्टर. पौडच्या रस्त्यावर माझं क्लिनिक आहे. सकाळी गाई-म्हशी, दुपारनंतर फार्महाउसवाल्यांची कुत्री, असा दिवस जातो. गिनीपिग म्हणजे सशाहून लहान, बिनशेपटीचा, गुबगुबीत प्राणी. आमच्याकडे क्वचितच येतो. मला हसू आलं होतं, पण कुंची काढून त्याच्या बरगड्या बघितल्या आणि हसू पळालं. प्रत्येक श्वासाला कूस आत ओढली जात होती. नाक भरलेलं. डोकं तेलकट लागलं, पण तेव्हा कोणाला त्याचं!

गिनीपिग नाकानंच श्वास घेतो. तो तोंड उघडायला लागला की समजायचं, आता हातात फार वेळ नाही. टोश्याचं, म्हणजे टोस्टचं, तोंड अजून मिटलेलं होतं. माझ्या घरचा पोळ्यांचा मोठा पारदर्शक डबा झाकणाला भोक पाडून क्लिनिकमध्ये आणलाय, तोच आमचा ऑक्सिजन चेंबर. टोस्टला आत ठेवलं, नळी लावली. मग इंजेक्शन. तेही जपून, कारण कुत्र्याला सहज चालणारी काही अँटिबायोटिक्स गिनीपिगच्या पोटाचा सत्यानाश करतात. त्यानंतर नेब्युलायझर, म्हणजे औषधाचं बारीक धुकं करणारं मशीन. दम लागलेल्या लहान मुलांना लावतात ना, तेच.

टोस्ट डब्यात असताना मी विचारलं, "हा तुमचा?"

"माजा कसला! अनुश्रीचा."

हिरामावशींचं घर लवळ्याला. वरच्या खोल्या कॉलेजच्या मुलींना भाड्यानं दिलेल्या. त्यातली अनुश्री नागपूरची. दिवाळीच्या सुट्टीत गावी गेली आणि टोस्टला मावशींच्या हवाली करून गेली.

"जाताना रडत हुती पोरगी. म्हटलं, जा तू बिनघोर, मी हाय की. आता ह्याला काय झालं तर तिला कुठल्या तोंडानं सांगू, डाक्टरबाई?" मावशींनी पदर डोळ्याला लावला.

मागं त्यांचे यजमान शंकरकाका उभे होते. "मी खोकलो तर म्हणती, भाईर जाऊन खोका. उंदराला मातुर दुपटं!"

"उंदीर म्हणू नगा त्याला!"

"घरी काही औषध दिलंत का?" मी विचारलं.

"काय बी न्हाई. आईशपथ."

संध्याकाळपर्यंत टोस्ट सुधारला. कोथिंबिरीचं पान ओढून खाल्लं. गिनीपिगनं खाणं थांबवलं की आतडी थांबतात आणि मग आजार राहतो बाजूला, जीव त्यानंच जातो. म्हणून सिरिंजनं पातळ खाणं कसं भरवायचं ते दाखवलं, 'क' जीवनसत्त्वासाठी पेरू आणि ढोबळी मिरची द्यायला सांगितली आणि घरी सोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी हजर. टोस्ट पुन्हा धापा टाकतोय.

"सांगितलेलं केलंत ना?"

"समदं केलं."

पुन्हा डबा, पुन्हा ऑक्सिजन, पुन्हा संध्याकाळी साहेब खुशीत. आणि पुढच्या सकाळी परत ये रे माझ्या मागल्या. मला वाटलं, हा पेंढ्याचा प्रताप. भाताची झोडणी नुकतीच झालेली, टोस्टच्या खोक्यात ताजा पेंढा, त्याची धूळ नाकात जात असणार. पेंढा काढायला लावला, जुन्या सुती लुगड्याचे तुकडे अंथरायला सांगितले. फरक शून्य. रात्री क्लिनिकमध्ये ठेवून जा म्हटलं, तर मावशींनी दुपटं छातीशी घट्ट धरलं. "माझ्या भरवशावर ठिवलाय तिनं. हितं एकटा टाकू व्हय?"

"मॅडम, ह्याला आपलं क्लिनिक आवडलंय," आमचा कंपाउंडर विलास हसत म्हणाला.

मी त्याला गप्प बसवलं. पण जाताजाता मनात आलं, इथं येऊन हा बरा होतो आणि घरी जाऊन बिघडतो. मग दोष औषधाचा कसा असेल? गडबड घरात आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळीच लवळ्यात एका म्हशीची व्हिजिट होती. ती उरकून न सांगताच हिरामावशींच्या दारात गेले. उंबऱ्यातच नाकात वास घुसला. ओवा. लसणाची सालं. पडवीत शेगडी, शेगडीत निखारे, आणि निखाऱ्यांच्या धुरात मावशींच्या मांडीवर दुपट्यात गुंडाळलेला टोस्ट. वरून पदराचा आडोसा, धूर बाहेर जाऊ नये म्हणून!

"मावशी!" मी अशी ओरडले की शंकरकाकांच्या हातातला चहा सांडला.

"आवो हळू, बाळ दचकंल."

"हे काय चाललंय?"

"धुरी देतीय. सर्दी झाल्यावर देत्यात की बाळाला. रोज सकाळी देतीय. टाळू बी भरलीय."

टाळू! गिनीपिगची! तेलकट डोक्याचा उलगडा झाला.

"मी विचारलं होतं ना, औषध दिलंत का म्हणून?"

"मग दिलंय कुटं? धुरी काय औषध हाय व्हय?" मावशींनाही राग आला. "आंघुळ घालत्यात, काजळ लावत्यात, तशी धुरी. माजी तिन्ही लेकरं ह्याच धुरीवर वाढली."

"मावशी, ह्याची फुप्फुसं तुमच्या अंगठ्याएवढीसुद्धा नाहीत. त्यात हा नाकानंच श्वास घेतो. मी दिवसभर औषध देऊन ते नाक मोकळं करते आणि तुम्ही सकाळी त्यात धूर भरता!"

मावशींचा हात थांबला. त्यांनी शेगडी लांब सारली. टोस्टकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "म्हंजी... मीच?"

एवढंच बोलल्या आणि रडायला लागल्या. माझा राग कुठल्या कुठं गेला. मला फार वाईट वाटलं. या बाईनं आपल्या लेकरांना जे केलं, तेच त्याला केलं होतं. शंकरकाकासुद्धा टोमणा न मारता उठले आणि पडवीची झापं सताड उघडून आले.

आता नुसतं "धुरी बंद" म्हणून भागणार नव्हतं. मावशींचे हात रिकामे राहणारे नव्हेत, उद्या दुसरं काहीतरी सुचेल. मी गाडीतून जादाचा नेब्युलायझर आणला.

"धुरी द्यायची. रोज सकाळी, अशीच मांडीवर, दुपट्यात. फक्त ह्या मशीनची. धुराशिवायची धुरी."

मावशींनी डोळे पुसले. धुकं हुंगून बघितलं. "वास न्हाई कसला. ह्यात ओवा टाकू?"

"नाही!"

"चिमूटभर?"

"मावशी!"

त्यानंतर टोस्ट पुन्हा बिघडून आला नाही. औषधाचा कोर्स पूर्ण झाला, अंग भरलं. एका सकाळी मी म्हशीचा गाभ तपासत होते, हात कोपराच्या वर आत. विलासनं फोन कानाला धरला. "ऐका," मावशी म्हणाल्या आणि पलीकडून कुई-कुई-कुई! गिनीपिगला खाऊची चाहूल लागली की तो अशी शिट्टी मारतो. मी तशीच उभी राहून हसले. म्हशीला ते आवडलं नाही.

सुट्टी संपवून अनुश्री आली आणि दोघी त्याला चेकअपला घेऊन आल्या. ती स्टुलावर बसायच्या आत मावशींनी सगळं सांगून टाकलं. धुरी, धाप, सगळं. "माझ्या हातनं जात हुता गं तो. आता ठिवू नगंस माझ्याकडं."

अनुश्रीचा चेहरा उतरला. तिनं टोस्टला मांडीवर घेऊन कुरवाळलं. मी मध्ये बोलणार, तेवढ्यात मावशींनी सवयीनं पिशवीतून कोथिंबिरीची जुडी काढली. पिशवी वाजली मात्र, टोस्टनं अनुश्रीच्या मांडीवरून मान वळवली आणि मावशींकडे बघून शिट्टीवर शिट्टी.

अनुश्री हसायलाच लागली. "मावशी, टाळू खरंच भरलीत?"

"रोज."

"मग आता उन्हाळ्याच्या सुट्टीत पण हा तुमच्याकडेच." तिनं टोस्टला उचलून मावशींच्या ओटीत ठेवलं. "तेल लावा. धुरी मशीनचीच."

मावशींनी दुपटं पसरलं.

तेव्हापासून "घरी काही औषध दिलंत का" हा प्रश्न मी बंद केलाय. आता विचारते, "घरच्या लेकराला करता त्यातलं ह्याला काय काय केलंत?" उत्तर बरंच लांबतं. म्हणून समोरच्या स्टुलाच्या जागी आता पाठ टेकायची खुर्ची ठेवलीय.